बंद घराचं लाइट बिल

देवळाली प्रवऱ्यात रंगनाथतात्यांकडे जळालेली मोटार घेऊन जाणं म्हणजे स्वतःची अक्कल तपासायला देणं. राहुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. आत तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास, आणि दारात ओळीनं पडलेल्या पाणबुडी मोटारी. टेम्पोतून मोटार उतरवून कोणी आत आलं की तात्या आधी मोटारीकडे बघत नाहीत, माणसाकडे बघतात.

"स्टार्टर डायरेक्ट केला हुता का?"

"न्हाई तात्या."

"मग मोटार तुला कंटाळून जळाली म्हन की."

मग माणूस हळूच कबूल करतो, की एक फेज गेली होती, ऊस सुकत होता, म्हणून स्टार्टरला बगल देऊन थोडा वेळ केली मोटार डायरेक्ट.

"स्टार्टरच्या झाकनावर काय लिवलंय ते वाचलंस का कदी?"

"न्हाई."

"मराठीत हाय त्ये. तुज्यासाठीच लिवलंय. कंपनीला ठाऊक हुतं तू येनार म्हनून."

मी सुप्याला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आहे. गुरुवारी सुट्टीला घरी आलो की तासभर तात्यांच्या दुकानात बसतो. तारेचे फेरे मोजताना मध्ये बोलणारा त्यांच्यासारखा माणूस मी पाहिलेला नाही. तोंड चालू, हात चालू, आणि आकडा कधी चुकत नाही. न वाचता यंत्र वापरणाऱ्यांना हा माणूस तीस वर्षं हिणवत आला आहे. त्याच माणसानं स्वतःच्या घराच्या विम्यावर सही करताना एक ओळ वाचली नव्हती.

तात्यांचं घर आमच्या कॉलनीत, आमच्या शेजारीच. त्यांची मधली खोली आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये फक्त हातभर बोळ आहे. चार वर्षांपूर्वी त्यांनी कर्ज काढून वर एक खोली बांधली, तिच्यापुढे पत्र्याची शेड टाकली. कर्जाबरोबर घराचा विमाही आला. कर्ज देणाऱ्या साहेबांनी पेन्सिलीनं फुल्या मारून दिल्या होत्या, तात्यांनी फुलीवर सह्या केल्या. घरी आल्यावर त्यांची बायको रतनबाई यांनी विचारलं, हे काय आहे. तात्या म्हणाले, "मोटारीसंगं केबल येती तसं कर्जासंगं येतं ते." रतनबाईंनी तो कागद गॅसच्या पुस्तकाच्या पिशवीत घातला. त्यांना घरातल्या प्रत्येक कागदाची जागा माहीत होती. तो वाचावा असं मात्र कुणालाच वाटलं नाही.

गेल्या दोन जानेवारीला रतनबाई गेल्या. दोन दिवस आधी सकाळी अंगणात रांगोळी काढताना बसल्या त्या उठल्याच नाहीत. ते दोन दिवस दवाखान्यात काढले. घरात होतं तेवढं तिथं गेलं, आणि त्यांना घरी आणल्यावर तासाभरात सगळं संपलं.

तात्यांचे थोरले भाऊ कानिफनाथ. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. कॅनॉलच्या पलीकडे त्यांची वस्ती आहे. सोसायटीचे एकदा संचालक होते, आणि ते एकदा अजून संपलेलं नाही. कुणाच्याही घरातलं लग्न, भांडण किंवा मयत आण्णांच्या हातात गेल्याशिवाय पुरं होत नाही, असा निदान त्यांचा समज आहे. दहन करून परत येतानाच त्यांनी गुरुजींना फोन लावला. फोन ठेवला आणि जाहीर केलं, "पंचक लागलंय. पाच म्हैने घर सोडावं लागंल."

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठरावीक नक्षत्रावर माणूस घरात वारला तर ते घर काही महिने रिकामं ठेवायचं, नाहीतर त्या कुटुंबात आणखी पाच जण जातात, असं मानणारे लोक आहेत. हे लोक एरवी मोबाईलवर उसाचा भाव बघतात, पोरीला संगणक शिकवतात आणि रक्तातली साखर तपासून घेतात.

स्टार्टरवरून प्रश्न विचारणाऱ्या तात्यांनी आण्णांना एकही प्रश्न विचारला नाही. एवढंच म्हणाले, "पाच म्हैने?"

"तुला घरात पाच मढी पायजेत का?"

संपलं. तेराव्यानंतर फ्रिज, दिवाण, धान्याच्या कोठ्या टेम्पोत घालून आण्णांच्या वस्तीवर गेल्या. तात्यांची मुलगी निकिता तिथल्या पडवीत राहायला गेली. ती राहुरीत एका औषधांच्या दुकानात हिशोब बघते. तिचं लग्न नेवाशाकडच्या मुलाशी ठरलं होतं, तेही पाच महिने पुढे गेलं. आण्णांनी समोरच्या दाराला मोठं कुलूप घातलं, त्याला हळदकुंकू लावलं आणि किल्ली आपल्या खिशात टाकली.

तात्यांनी वस्तीवर जेमतेम आठ दिवस काढले. मग आण्णांना म्हणाले, दुकानात तांबं पडून असतं, चोऱ्या लई वाढल्यात, मी दुकानातच झोपतो. आण्णांनी परवानगी दिली. दुकानात तात्या एकही रात्र झोपले नाहीत. घराच्या मागच्या दाराची कडी बाहेरून कशी सरकवायची हे शोधायला त्यांच्यासारख्या माणसाला किती वेळ लागणार? ते अंधार पडायच्या आत मागच्या उसाच्या कडेनं यायचे, सकाळी तसेच जायचे.

आणि हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. समोरचा वाल्मिक शाळेत क्लार्क आहे. रस्त्यावरून कोण कुणाच्या गाडीवर बसून गेलं हे त्याला गाडीच्या नंबरासकट सांगता येतं. तात्यांच्या मागच्या दोरीवर बनियन वाळत असलं की त्याची नजर आभाळाकडे जायची. कोपऱ्यावरचा दूधवाला अर्धा लिटर दूध मागच्या ओट्यावर ठेवायचा आणि 'दुकानावर दिलं' म्हणून सांगायचा. पंचक पाळलंच पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत. ते मोडतंय हे दिसू द्यायचं नाही, यावरही एकमत. गटार साफ करायला जी माणसं चार वर्षं एकत्र आली नाहीत, ती या कामात चोख एकजुटीनं वागली.

आमच्या आईला, भामाबाईला, बघायचीही गरज पडली नाही. रोज संध्याकाळी सातला आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मालिकेचं गाणं बारीक आवाजात यायचं. ती मालिका रतनबाईंची. त्या होत्या तेव्हा तात्या तिला 'रडारडीचा कारखाना' म्हणायचे आणि सातला मुद्दाम अंगणात जाऊन बसायचे. आता ते एकटे आत बसून एकही भाग चुकवत नव्हते.

मे महिन्यातला एक गुरुवार. मी घरीच होतो. साडेपाचच्या सुमाराला वादळ सुटलं. पाऊस नावाला, वारा मात्र पत्रे उचलणारा. शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधलं निलगिरीचं जुनं झाड मुळासकट तात्यांच्या घरावर आलं. वरच्या खोलीची एक भिंत आत बसली, पत्र्याची शेड कागदासारखी चुरगळली, आणि खालच्या स्लॅबला पुढच्या खोलीवर आरपार तडा गेला.

आम्ही सगळे पळत रस्त्यावर आलो. दोन मिनिटांत तात्याही आले. रस्त्याच्या तोंडाकडून, म्हणजे दुकानाच्या दिशेनं, धापा टाकत. पायजमा गुडघ्यापर्यंत उसातल्या चिखलानं भरलेला.

"काय झालं? कुनाच्या घरावर पडलं?"

त्यांच्या हातात चहाची गाळणी होती. गाळणीत चहाची पूड होती, आणि तिच्यातून अजून वाफ निघत होती.

कुणी हसलं नाही. वाल्मिक गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "तात्या, तुमच्याच घरावर. नशीब, घर बंद हुतं."

"व्हय," तात्या म्हणाले आणि गाळणी खिशात घातली.

त्या दिवसापासून ते खरोखरच दुकानात झोपायला लागले.

आता भरपाईचं काम. रतनबाईंच्या पिशवीतला कागद निघाला, आणि अर्थातच तो आण्णांनी ताब्यात घेतला. मोडलेला पाय प्लास्टरमध्ये असूनही राहुरीला जाऊन त्यांनी अर्ज टाइप करून आणला, ओळखीच्या नगरसेवकाचा शिक्का मारून घेतला आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कॉलनीला वाचून दाखवला. त्यातलं पहिलं वाक्य मला पाठ आहे: 'सदर घर आमच्या कुटुंबातील पंचकामुळे धर्मशास्त्राप्रमाणे दोन जानेवारीपासून आजपर्यंत पूर्णपणे बंद व निर्मनुष्य असल्याने सुदैवाने जीवितहानी टळलेली आहे, तरी भरपाई त्वरित मिळावी.'

"पयल्याच वाक्यात दया आली पायजे वाचनाऱ्याला," आण्णा म्हणाले. वाल्मिकनं मान डोलावली. अर्ज कंपनीला गेला.

पुढच्या गुरुवारी नगरहून सर्व्हेअर आल्या. प्रज्ञा त्यांचं नाव. तिशीच्या असतील, सिव्हिल इंजिनिअर. नुकसान बघून कंपनीला अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. त्या शिडी लावून वर गेल्या, तडा मोजला, फोटो काढले, खाली येऊन वहीत लिहायला बसल्या. तात्या भिंतीला टेकून उभे होते. उत्तरं आण्णा देत होते.

"घरात कोण राहतं?"

"सध्या कुनी न्हाई. दोन जानेवारीपासून."

"मधे कोणी काही दिवस येऊन राहिलं होतं?"

"मांजर सुदिक न्हाई. पाच म्हैने म्हंजे पाच म्हैने. आमच्याकडं असल्या बाबतीत एका दिवसाची सूट न्हाई."

"कंपनीला तसं लेखी कळवलं होतं का?"

"कंपनीला कशाला कळवायचं? त्यांच्यात कोन गेलंय?"

प्रज्ञाताईंनी कागदांचा गठ्ठा उघडला, अकरावं पान काढलं आणि बोट ठेवून वाचलं. घर सलग तीस दिवसांपेक्षा जास्त काळ निर्मनुष्य राहिलं आणि कंपनीची लेखी संमती घेतलेली नसली, तर त्या काळात वादळ, पूर, झाड पडणं यांपासूनचं संरक्षण लागू राहणार नाही.

आण्णांना हे कळायला जरा वेळ लागला. "म्हंजे घरात मानूस पायजे हुता? झाडाखाली मरायला?"

आण्णांच्या आयुष्यातला हा एकमेव मुद्दा असेल जो मला पटला. घर बंद होतं म्हणून वादळ काही त्या घराला शोधत आलं नव्हतं. झाड पडलं त्याला आत माणूस असणं किंवा नसणं याचा काडीचा संबंध नाही. पण ज्यानं ती अट लिहिली तो कुठल्यातरी गारेगार खोलीत बसून लिहून गेला, आणि ती वाचायची वेळ आली तेव्हा निलगिरी घरावर पडलेली होती.

"अट मी लिहिलेली नाही, काका," प्रज्ञाताई म्हणाल्या. "मी जे दिसतं आणि जे सांगतात ते लिहिते. तुम्ही तर टाइप करून दिलंय. शिक्क्यासकट."

त्या संध्याकाळी मी विम्याचे ते सगळे कागद वाचून काढले. काय मिळतं हे दीड पानात संपतं. बाकीची पानं काय मिळत नाही याची. काळ्या जमिनीच्या फुगण्यानं भिंतीला पडलेला तडा मिळत नाही. हळूहळू झिरपलेलं पाणी मिळत नाही. घरातलं सामान मिळत नाही, कारण विमा फक्त बांधकामाचा, आणि सामानाचा वेगळा असतो हे कर्जवाल्या साहेबांनी फुल्या मारताना सांगितलं नव्हतं. मंजूर नकाशात नसलेली शेड मिळत नाही. अक्षरं एवढी बारीक की मला मोबाईलचा टॉर्च लावावा लागला. पण खोटं कशाला बोला, भाषा मराठीच होती. तात्यांच्यासाठीच लिहिलं होतं.

वाचता वाचता मला त्यांचं लाइट मीटर आठवलं. मीटर बाहेर, समोरच्या भिंतीवर. दर महिन्याला रीडिंगवाला येऊन फोटो काढतो, आणि तो फोटो बिलावर छापून येतो.

दुसऱ्या दिवशी सुप्याची एसटी पकडायच्या आधी मी दुकानात गेलो. तात्या कॉइल भरत होते.

"तात्या, घराची लाइट बिलं कुठायत?"

"दुकानावर येत्यात. त्या खिळ्याला हायेत. का?"

मी खिळ्यावरून काढून वाचली. फेब्रुवारी एकोणतीस युनिट. मार्च एकतीस. एप्रिल बेचाळीस. "बंद घर बेचाळीस युनिट कसं खातं, तात्या? एप्रिलमध्ये पंखा सुरू केला ना?"

त्यांचे हात चालूच होते. "तुला कुनी सांगितलं?"

"मीटरनं."

"पुसून टाक डोक्यातनं."

"तुम्ही घरात राहत होता एवढं सांगितलं की ती अटच लागत नाही. बिलं आहेत, आई आहे..."

"आन आण्णांचा पाय मार्चमधी मोडला, त्याचं काय? कुनामुळं मोडला म्हनतील? नेवाशाच्या लोकास्नी कळलं की बाप पंचकात घरात लोळत हुता, तर?"

"मग घर तसंच राहू द्या."

"तडा आरपार हाय. एक पावसाळा काढायचा न्हाई तो." त्यांचा आवाज खाली आला. "आन दुरुस्तीला हातात काय हाय? दवाखान्यात गेलं ते गेलं."

मला राग आला होता. जे बोलायला नको होतं ते मी बोललो. "तात्या, विम्याच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचलं होतं का कधी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या कॉइलकडे पाहिलं. आकडा गेला होता. तीस वर्षांत मी पहिलाच असेन ज्याच्या देखत रंगनाथतात्यांचे फेरे चुकले. ते तार उलटी सोडवायला लागले.

तेवढ्यात निकिताची स्कूटी दारात थांबली. ती कामावर जाताना रोज तात्यांचा डबा द्यायला यायची. बिलं अजून माझ्या हातातच होती. औषधांच्या दुकानातले आकडे दिवसभर बघणारी पोरगी ती. एक नजर टाकली आणि डबा मोटारीवर ठेवला.

"हे आपल्या घराचं बिल हाय?"

तात्या तार सोडवत राहिले.

"पप्पा, चार म्हैने मी आण्णांच्या पडवीत डास मारतीय. सकाळी उठून त्यांच्या म्हशींचं शेन काढून कामावर जातीय. आन तुमी घरात पंख्याखाली झोपत हुता?"

"आवाज बारीक ठेवला हुता," तात्या म्हणाले.

"कशाचा आवाज?"

"टीव्हीचा."

हे तिला सगळ्यात जास्त लागलं असावं. "मला का न्हाई बोलवलं?"

तात्यांनी सोडवलेली तार रिळावर गुंडाळली. मग म्हणाले, "तुला काय झालं असतं म्हंजे?"

"म्हंजे तुमचा इश्वास हाय त्याच्यावर."

"माज्यापुरता न्हाई. तुज्यापुरता हाय."

अख्ख्या पंचक्रोशीच्या अकलेची चिरफाड करणारा हा माणूस. स्वतःच्या जिवावर पैज लावायला तयार, पोरीच्या जिवावर नाही. अंधश्रद्धेची एवढी चोख व्याख्या मला कुठल्या व्याख्यानात ऐकायला मिळाली नव्हती. निकितानं ती ऐकून घेतली आणि डबा उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"जेवा आन लिहून द्या. नेवाशाला मी फोन करते. लाइट बिल बघून मोडनारं लग्न आत्ताच मोडलं तर बरं."

पुढच्या गुरुवारी प्रज्ञाताई परत आल्या. तात्यांनीच बोलावलं होतं. अंगणात सगळी कॉलनी जमली, कारण फुकटात काही दिसणार असलं की आमची कॉलनी वेळेवर येते. आण्णा त्यांची प्लास्टिकची खुर्ची घेऊन मध्यभागी बसले. पाय प्लास्टरमधून निघाला होता, काठी मात्र त्यांना आवडली होती म्हणून होती.

तात्या उभे राहिले. मोटारीच्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं स्वतःकडे बघत बोलले म्हणा ना.

"मॅडम, पयल्या अर्जात लिवलंय ते खोटं हाय. आठेक दिवस सोडले तर मी हितंच राहत हुतो. मागच्या दारानं यायचो. वादळ झालं तवा मी आत चहा गाळत हुतो."

आण्णांची काठी खाली पडली. ती कुणी उचलली नाही.

प्रज्ञाताईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी बिलं घेतली, मीटरच्या फोटोशी आकडे जुळवले. "फ्रिज चालू राहिला असेल तर एवढे युनिट पडतात."

"फ्रिज जानेवारीतच माझ्याकडं..." आण्णा सवयीनं बोलून गेले आणि थांबले.

"बरं. शेजारचं कोणी सांगू शकेल का? सही लागेल."

मी वाल्मिककडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. वाल्मिक म्हणाला, "आमी काय बघितलं न्हाई. आमच्या घराचं तोंड तिकडं न्हाई." त्याच्या घराचं दार तात्यांच्या दाराच्या बरोबर समोर आहे, आणि हे तो त्याच दारात उभा राहून बोलत होता. दूधवाल्याला एकदम उशीर झाल्याचं आठवलं. बाकीच्यांनी पडलेल्या झाडाचा अभ्यास सुरू केला.

आमची आई पदराला हात पुसत पुढे आली. "कुठं करायची सही?"

आण्णा तिच्याकडे बघून म्हणाले, "भामाबाई, हे आमच्या घरातलं हाय. तुमच्यात हे नसतं, तुमी मधी पडू नका."

"आमच्यात पंचक न्हाई, आण्णा. कान हायेत." ती प्रज्ञाताईंकडे वळली. "रोज सातला टीव्ही लागायचा. मार्चमधी त्या सुनेला सासू घराभाईर काढती, त्या दिवशी ह्यांनी आवाज वाढवला हुता. माजी भाकर करपली त्या नादात. तारीख पायजे का?"

"नको," प्रज्ञाताई पहिल्यांदा हसल्या. आईनं सही केली, सावकाश, पूर्ण नावाची.

आण्णांनी पडलेली काठी स्वतःच उचलली. "म्हंजे माजा पाय तुज्यामुळं मोडला."

"तुमचा पाय गतिरोधकानं मोडला, आण्णा," तात्या म्हणाले. "एका हातानं गाडी चालवत फोनवर बोलत हुता. आन बोलत हुता गुरुजींशीच."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. वाल्मिकच असणार. आता धोका टळला होता ना.

आण्णा उठले. किल्ली हवी असेल तर पंचक संपल्यावर, शांती करून, वस्तीवर येऊन घेऊन जायची, असं म्हणाले आणि खुर्ची बगलेत मारून निघाले. पंचक संपायला अजून अकरा दिवस होते.

जाताना प्रज्ञाताईंनी तात्यांना सांगितलं, की जबाब बदललाय, म्हणून प्रतिज्ञापत्र लागेल, कंपनी शंका काढेल, वेळ लागेल, आणि मधल्या खोलीला धोका नाही, पुढच्या खोलीला मात्र आजच टेकू लावा.

त्याचा निकाल ऑगस्टमध्ये आला. स्लॅब आणि पडलेली भिंत मंजूर, जुनेपणाची कपात करून. शेड नामंजूर, नकाशात नाही. वरच्या खोलीत झाडाखाली सापडलेलं रतनबाईंचं शिलाई मशीन नामंजूर, ते सामान. स्वयंपाकघराच्या भिंतीचा तडा नामंजूर, तो म्हणे जमिनीमुळे आधीचाच. त्याबद्दल त्यांचं बरोबर होतं, तो आधीचाच होता. पत्र आलं त्या दिवशी तात्यांनी ते दुकानात उभ्यानं दोनदा वाचलं, आणि एका गिऱ्हाइकाला अर्धा तास ताटकळत ठेवलं. नेवाशाच्या लोकांनी पंचकाबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांनी निकिताला एवढंच विचारलं, की भरपाई मिळणार आहे ना. ते ऐकून ती दोन दिवस त्यांचे फोन घेत नव्हती. लग्न करायचं की नाही हे तिचं अजून चाललंय.

पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारी प्रज्ञाताईंची गाडी कोपऱ्यावर वळली, तशी तात्यांनी मला दुकानाची किल्ली दिली आणि ग्राइंडर आणायला पाठवलं. मी आणलं. आमच्याच स्वयंपाकघरातून वायर ओढली. तात्यांनी चष्मा घातला आणि समोरच्या दाराच्या कुलपाला पातं लावलं. ठिणग्या पायऱ्यांवर उडत होत्या, हळदकुंकवाचा वाळका थर धुरळा होऊन गेला, आणि सगळी कॉलनी आपापल्या दारात उभी राहून बघत होती. आता आभाळाकडे बघायची सोय नव्हती. कुलूप पडलं. निकिता आत गेली, पुढच्या खोलीतली पडझड बघून तिनं झाडू मागितला.

टेकू लावून होईपर्यंत सहा वाजले. सातला आई भाकरी थापत होती. बोळातून मालिकेचं गाणं आलं आणि भांड्यांच्या फळीवरची वाटी थरथरली.

आईनं खिडकी लावून घेतली. "जा, सांग त्यास्नी," ती मला म्हणाली, "आवाज एवढा मोठा करायची गरज न्हाई. सही झालीया माजी."